वायरीचा सांधा आणि दाबायची पक्कड



आज आपण एका छोट्या हत्याराबद्दल बोलणार आहोत. दिसायला ते पकडीसारखंच असतं, दोन दांड्यांचं. कारखान्यात त्याला क्रिम्पिंग टूल म्हणतात. आमच्या गटात सगळ्याजणी त्याला ‘दाबायची पक्कड’ म्हणतात, म्हणून आज आम्हीही तेच नाव घेऊ. वायरीच्या टोकावर धातूची थिंबल दाबून बसवायची, एवढंच तिचं काम.

थिंबल म्हणजे शिवणकामात बोटात घालतो ती टोपी नव्हे. वायर स्क्रूखाली नीट बसावी म्हणून तिच्या टोकाला जो धातूचा तुकडा असतो, त्याला विजेच्या दुकानात थिंबल किंवा लग म्हणतात. कुठे गोल कडी असते, कुठे काट्यासारखे दोन पाय, कुठे नुसती पिन. मोटारसायकलच्या वायरिंगमध्ये, सोलरच्या दिव्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीत, सगळीकडे ती असते. तिला बहुतेक ठिकाणी ना डाख लावलेला असतो, ना चिकटवलेलं असतं. नुसती दाबून बसवलेली असते. ही पद्धत काही आजची नाही. १९४१ साली अमेरिकेत एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. विमानांच्या आणि जहाजांच्या वायरींसाठी डाख न लावता दाबून बसवायची टोकं ती करत असे. तेच काम आज आपल्या ओसरीवर आलं आहे.

आमच्या गटातल्या अकरा जणी हे काम करतात. स्टार्टर पेटीत लागणाऱ्या वायरी मापात कापायच्या, टोकं सोलायची, थिंबल दाबायची आणि पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे. पैसे नगावर मिळतात. आता आसपासच्या गटांनाही अशी कामं विचारली जात आहेत. बऱ्याच मैत्रिणी विचारतात, ‘ताई, नुसतं दाबायचंच ना? मग त्यात शिकायचं काय?’ त्याचंच उत्तर आज देतो.

दाबल्याने नेमकं काय होतं

करंजी आपण सगळ्याजणी करतो. कड नीट दाबली नाही तर तळणीत सारण बाहेर येतं. फार जोरात दाबली तर पारी फाटते. वायरीचंही तसंच आहे. दीड एमएमच्या मऊ वायरीत वीस-तीस बारीक तांब्याच्या तारा असतात. त्या थिंबलच्या नळीत घालून बरोबर दाबल्या की तारांमधली हवा निघून जाते, तांब्यावरचा काळपट थर घासून फुटतो आणि तांबं थिंबलच्या धातूला घट्ट भिडतं. मग वीज विनाअडथळा जाते.

कमी दाबलं तर आत फटी राहतात. त्या फटीत हवा आणि ओल जाते, तांबं काळं पडतं, आणि विजेला अडथळा होतो. जास्त दाबलं तर तारा चिरडतात, काही तुटतात, आणि थोडा हिसका बसला की वायर निसटते.

अडथळा झाला तर काय होतं? तिथे उष्णता तयार होते. हिशोब करून बघू. ५ एचपीची थ्री फेज मोटार चालताना वायरीतून साधारण ७ ते ८ अँपिअर वीज जाते. चांगल्या सांध्याचा अडथळा एक ओहमच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी असतो, तिथे काही जाणवत नाही. पण सांधा सैल होऊन अडथळा एक ओहमच्या दहाव्या भागापर्यंत गेला, तर ८ गुणिले ८ गुणिले ०.१, म्हणजे सहा वॅटच्या वर उष्णता तयार होते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब हाताला किती गरम लागतो ते तुम्हाला माहीत आहे. इथे सहा वॅट ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, तासन्‌तास. साध्या पीव्हीसी वायरीचं वरचं प्लॅस्टिक ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असतं. पुढे ते मऊ होतं, मग काळं पडतं. गरम झाल्यावर सांधा आणखी सैल होतो, आणि सैल झाला की आणखी गरम होतो. पेटीतून जळका वास येतो तो पुष्कळदा इथूनच.

आणि मैत्रिणींनो, या कामातली खरी अडचण अशी की चांगला सांधा आणि वाईट सांधा वरून जवळजवळ सारखेच दिसतात. भाकरी कच्ची राहिली तर मोडून कळतं. सांधा मोडून पाहिला तर तो कामातून जातो. म्हणून प्रत्येक नगाची खात्री डोळ्यांनी होत नाही. ती हत्यार नीट ठेवल्याने आणि रोज थोडे नग ओढून पाहिल्याने होते.

वायर, थिंबल आणि जबडा यांचा मेळ

पहिली गोष्ट म्हणजे माप. वरून प्लॅस्टिक असलेल्या थिंबलचा रंगच माप सांगतो. लाल थिंबल अर्धा ते दीड एमएमच्या वायरीला, निळी दीड ते अडीच एमएमला, पिवळी चार ते सहा एमएमला. पकडीच्या जबड्यातही लाल, निळे आणि पिवळे ठिपके असतात. लाल थिंबल लाल ठिपक्याच्या खाचेत, निळी निळ्याच्या. लाल थिंबल निळ्या खाचेत दाबली तर ती दाबल्यासारखी दिसते, पण आतून सैलच राहते.

थिंबलमध्ये वायर मावत नाही म्हणून चार तारा कापून टाकायच्या नाहीत. थिंबल मोठी आहे म्हणून वायर दुमडून भरायची नाही. तीस तारांतल्या तीन गेल्या तरी वायरीचा दहावा हिस्सा गेला. माप जुळत नसेल तर थिंबल बदलायची.

आणखी एक. काही जण वायरीच्या टोकाला आधी डाख लावून मग थिंबल दाबतात. ते पक्कं वाटतं, पण डाख मऊ असतो. दाबाखाली तो हळूहळू सरकत राहतो आणि काही महिन्यांनी सांधा ढिला होतो. दाबायची वायर कोरडी, स्वच्छ आणि बिनडाखाची असावी. अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची साधी थिंबलही लावायची नाही. दोन धातू ओलीत एकमेकांना खातात. त्यासाठी वेगळी थिंबल मिळते.

दाबण्याची रीत

वायर सोलताना वरचं प्लॅस्टिक थिंबलच्या नळीच्या लांबीपेक्षा किंचित जास्त काढायचं. सोलायला स्ट्रिपर वापरायचा. ब्लेडने सोललं तर तारांना चरे पडतात, दाताने सोललं तर दात जातात. तारा बोटाने मूळच्या पिळाच्या दिशेने हलकेच सारख्या करायच्या, दोरीसारखा पीळ घालायचा नाही.

वायर नळीत पूर्ण आत सरकवायची. पुढच्या बाजूने तारांची टोकं साधारण एक मिलिमीटर डोकावली पाहिजेत, आणि एकही तार बाहेर राहिलेली नको. वरचं प्लॅस्टिक नळीच्या तोंडापर्यंत यावं, पण धातूच्या नळीत शिरू नये. तारांऐवजी प्लॅस्टिकच दाबलं गेलं तर तो सांधाच नाही.

आता थिंबल जबड्यात ठेवायची. लाल-निळ्या थिंबलच्या जबड्याला दोन भाग असतात. एक भाग तारांवर घट्ट बसतो, दुसरा वायरीच्या प्लॅस्टिकला नुसता धरतो. थिंबल उलटी ठेवली तर तारा सैल आणि प्लॅस्टिक चिरडलेलं, असं होतं. म्हणून आमच्या प्रत्येक पकडीवर कोणती बाजू वायरीकडे ठेवायची त्याची खूण नेलपॉलिशने केलेली आहे.

मग दांड्या दाबायच्या. चांगल्या पकडीत दातेरी कुलूप असतं, त्याला रॅचेट म्हणतात. दाबताना ‘कट् कट्’ असा आवाज येतो, आणि दाब पूर्ण झाल्याशिवाय जबडा उघडतच नाही. हीच या हत्याराची सगळ्यात मोठी सोय. सांध्यावर किती दाब पडायचा ते पक्कड ठरवते, आपला हात नाही. वीस वर्षांची पोर असो की साठीच्या काकू, दोघींनी दाबलेला सांधा सारखाच निघतो.

दांड्यांच्या मध्ये एक छोटा खटका असतो. थिंबल अडकली तर जबडा सोडवायला तो आहे. दमलो म्हणून अर्ध्यात सोडायला नाही. खटका वापरून सोडवलेला नग कापून टाकायचा आणि नव्याने करायचा. तोच परत दाबायचा नाही.

ओढून पाहायचं आणि वहीत लिहायचं

सांध्याची परीक्षा म्हणजे ओढून पाहणं. त्यासाठी जगभर चालणारं एक मानक आहे, आयईसी ६०३५२-२. वायरीच्या जाडीप्रमाणे सांध्याने कमीत कमी किती ओढ सोसली पाहिजे ते त्यात दिलेलं आहे. किलोत सांगायचं तर अर्ध्या एमएमच्या वायरीला साधारण ६ किलो, एक एमएमला ११ किलो, दीड एमएमला १५ किलो आणि अडीच एमएमला २३ किलो. काम देणाऱ्याने याहून मोठा आकडा सांगितला असेल तर तो धरायचा.

आम्ही ताणकाटा वापरतो, म्हणजे भंगारवाल्याकडे असतो तो आकड्याचा काटा. थिंबलची कडी टेबलाला ठोकलेल्या बोल्टात अडकवायची, वायरीचं दुसरं टोक एका दांडक्याला चार वेढे देऊन काट्याला लावायचं आणि सावकाश ओढायचं. हिसका द्यायचा नाही. काटा नसेल तर दीड एमएमच्या वायरीला पंधरा लिटर पाण्याची बादली टांगून बघता येते. एक लिटर पाणी एक किलोचं असतं, वर बादलीचं वजन. टांगताना खाली पाय ठेवू नका.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक पकडीचे तीन नग ओढायचे. ओढलेला नग मालात घालायचा नाही. आणि आकडा वहीत लिहायचा. आपण बचत गटाच्या बायका, वही लिहायची आपल्याला सवय आहे. तारीख, पकडीचा नंबर, वायरीचं माप, तीन आकडे आणि करणारीची सही. पाच मिनिटांचं काम आहे.

या पाच मिनिटांनी आमची कशी लाज राखली ते सांगतो. एकदा आमची एक पक्कड दुरुस्तीसाठी काम देणाऱ्यांनी नेली आणि दोन दिवसांनी परत पाठवली. सकाळी तिचे तीन नग ओढले, तर दीड एमएमची वायर नऊ-दहा किलोलाच निसटली. माल त्याच संध्याकाळी द्यायचा होता. गटातच दोन मतं झाली. काही जणी म्हणाल्या, ‘वरून तर सारखंच दिसतंय, दाबून टाका, नाहीतर आजची मजुरी बुडते.’ त्यांचंही खोटं नव्हतं, आठवड्याचा बाजार दुसऱ्या दिवशी होता. पण ही वायर कुठल्या तरी शेतकऱ्याच्या पेटीत जाणार, आणि ती पेटी उघडणारा कुणाचा तरी नवरा, भाऊ नाहीतर मुलगा असणार. आम्ही ती पक्कड बाजूला ठेवली आणि फोन केला.

आलेले साहेब म्हणाले, ‘ताई, पक्कड चांगली आहे. बायकांच्या हातात जोर नसतो, तुमच्या बायका पूर्ण दाबत नसतील.’ वाद न घालता आम्ही दोन पकडी टेबलावर ठेवल्या. साठीच्या काकू, गटातली सगळ्यात लहान मुलगी आणि साहेब स्वतः, तिघांनी दोन्ही पकडींनी थिंबल दाबल्या. जुन्या पकडीचे तिघांचेही नग पंधरा किलोच्या पुढे टिकले. दुरुस्त होऊन आलेल्या पकडीचे तिघांचेही अकराच्या आत सुटले, साहेबांचेसुद्धा. मग आम्ही वही दाखवली. दुरुस्तीला जाण्याआधी हीच पक्कड रोज सतरा-अठरा दाखवत होती. पुढे बोलायचं काही उरलं नाही. दोन दिवसांत दुसरी पक्कड आली, आणि थांबलेल्या दिवसाची निम्मी मजुरीही आम्ही मागून घेतली. निम्मी बुडाली ती बुडालीच. पण ‘बायकांच्या हातात जोर नसतो’ हे वाक्य त्यानंतर आमच्या ओसरीवर कुणी बोललं नाही.

पकडीची निगा

रोज काम संपल्यावर जबड्यातला कचरा कोरड्या ब्रशने झाडायचा. जुना दात घासायचा ब्रश चालतो. खाचेत तांब्याची कीस किंवा प्लॅस्टिकचा कण अडकला तर पुढचा सांधा वाकडा दाबला जातो. खाच सुईने किंवा खिळ्याने कोरायची नाही, चरा पडतो.

आठवड्यातून एकदा बिजागरीच्या पिनांना आणि रॅचेटच्या दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यायचा, दांड्या चार-पाच वेळा उघडझाप करायच्या आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्यायचं. जबड्याच्या खाचेत तेल राहू द्यायचं नाही. ते थिंबलला लागतं आणि त्यावर धूळ बसते. गोडं तेल तर मुळीच घालू नका, ते चिकट होऊन रॅचेट अडकतो.

महिन्यातून एकदा जबडा मिटून उजेडासमोर धरायचा. दोन्ही बाजू सारख्या मिटतात का, कुठे कड तुटली आहे का, पिन हलते का, ते बघायचं. वहीतले आकडे हळूहळू खाली येत असतील तर ती झिजेची खूण आहे. बऱ्याच पकडींना दाब कमी-जास्त करायची एक छोटी दातेरी चकती असते, तिच्याजवळ अधिक आणि उणे अशा खुणा असतात. ती प्रत्येकीने फिरवायची नाही. गटातली एकच जण ती फिरवेल, तारीख वहीत लिहील आणि पुन्हा तीन नग ओढून बघेल. चकती फिरवूनही आकडा येत नसेल तर जबडा बदलायची वेळ झाली.

पक्कड जमिनीवर पडली तर काही झालं नाही असं समजून पुढे जायचं नाही. आधी ओढून बघायचं. तिने खिळा उपटायचा नाही, नट फिरवायचा नाही, तिच्यावर हातोडी मारायची नाही. घरातल्यांनाही सांगून ठेवा, ही पक्कड घरकामाला द्यायची नाही. ठेवताना जबडा मिटून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. पावसाळ्यात जमिनीवर किंवा मोरीजवळ ठेवली तर आठवड्यात गंज धरतो.

हाताची आणि जिवाची काळजी

दिवसाला पाचशे वेळा दाबलं तर मनगट आणि अंगठा दुखतो. एक दांडी टेबलावर टेकवून दुसरी तळव्याने दाबली तर बोटांवर ताण कमी येतो. कोपर अंगाजवळ ठेवा. आम्ही अर्ध्या तासाने कामं बदलतो. दाबणारी सोलायला जाते, सोलणारी गठ्ठे बांधायला. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. वायरीचे तुकडे उडतात, म्हणून कापताना डोळ्यांना चष्मा हवा. खाली पडलेले तुकडे लगेच झाडा, रांगती पोरं ते तोंडात घालतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपलं काम टेबलावरचं आहे, वीज नसलेल्या सुट्या वायरीचं. पकडीच्या दांड्यांवर प्लॅस्टिक असतं ते हाताला लागू नये म्हणून, शॉकपासून वाचवायला नाही. चालू वायरीला ती कधीही लावायची नाही. ‘लाईट गेली आहे’ म्हणून पेटीत हात घालायचा नाही. शेतीची लाईट पाळीपाळीने येते, आणि मोटारीला ऑटो स्विच असेल तर लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते. घरातल्या मीटरचं, विहिरीवरच्या पेटीचं, खांबावरचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

तुमच्या गटाला असं काम विचारलं गेलं तर होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. पक्कड रॅचेटची आहे का? सांधा किती किलोला टिकला पाहिजे? पक्कड बिघडली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत? आणि माल परत आला तर कोणत्या परीक्षेवरून परत करणार? उत्तरं कागदावर घ्या. दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही आणि एक ताणकाटा आणा. पहिल्या पानावर पकडीचा नंबर लिहा, आणि कामाला बसा.